तलाव बांधा, पण मिठाला बांध घाला

दिघीपासून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंत आणि राजपुरीच्या खाडीपलीकडे मुरूडपासून अलिबागपर्यंत, घरामागे पोहण्याचा तलाव असणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाचा बंगला असो की आपल्याच शेतकऱ्याच्या पोराने पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या असोत, फोनवर पहिला प्रश्न एकच येतो, "पूल आहे का?" आणि तलाव बांधून देणारा ठेकेदार हल्ली त्यात एक गोष्ट वाढवून सांगतो. "खाऱ्या पाण्याचा बांधा. क्लोरीन नको, डोळे चुरचुरत नाहीत, देखभाल नाहीच म्हणा ना."

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, शेतमालाच्या भावाचे आणि पिकाच्या नुकसानीचे प्रश्न समोर असताना बैठकीच्या या पत्रात स्विमिंग पूलवर लेख कशाला, असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे. या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्या एकाच कामात खपल्या, ते म्हणजे खारं पाणी शेताबाहेर ठेवणं. आज तेच मीठ गोणीत भरून, टेम्पोत घालून, विहिरीच्याही वर चढवलं जातंय आणि त्याचा हिशेब कोणी विचारत नाही. तो हिशेब इथे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकऱ्याने तलाव बांधायला माझा विरोध नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं चूल कशावर पेटवायची? अशा वेळी कोणी पाहुण्यांच्या चार खोल्या काढल्या आणि चार पैसे मिळवले, तर आपल्या पोटात दुखायचं कारण नाही. आपली जमीन कशी वापरायची हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आपल्या जमिनीतलं मीठ शेजाऱ्याच्या जमिनीत सोडायचा अधिकार कोणालाही नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

खारं पाणी म्हणजे किती खारं?

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा मध्यम तलाव धरू. त्यात ७५ हजार लिटर पाणी मावतं. खाऱ्या पाण्याच्या तलावाला लिटरमागे सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ लागतं. म्हणजे एकूण मीठ झालं २६२ किलो, पन्नास किलोच्या सव्वापाच गोण्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्याच्या हे दहावा हिस्सा. म्हणून जिभेला ते फारसं खारट लागत नाही.

या पाण्यात क्लोरीन नसतो, हे साफ खोटं आहे. पंपाजवळ एक नळकांडं असतं, त्यात धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज सोडली की मिठातला क्लोराइड सुटून क्लोरीन होतो आणि तोच पाणी शुद्ध करतो. डबा दुकानातून आणायच्या ऐवजी क्लोरीन घरी तयार केला, फरक एवढाच. त्याचं प्रमाण लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम ठेवावं लागतं. पाण्याचा सामू या यंत्रामुळे सारखा वर चढतो, म्हणून आम्ल टाकून तो साडेसातच्या आसपास आणावा लागतो. पट्ट्यांवर चुन्याचा थर बसतो, तो पातळ आम्लाने धुवावा लागतो आणि काही वर्षांनी पट्ट्या झिजल्या की नळकांडंच बदलावं लागतं. देखभाल नाही म्हणणाऱ्याने ती स्वतः कधी केलेली नसते.

दिघीच्या बैठकीत एका तरुणाने विचारलं होतं, "सर, समुद्र दारातच आहे. मीठ विकत कशाला घ्यायचं? खाडीचंच पाणी चढवलं तर?" विचारलं ते बरं झालं. ते यंत्र एवढ्या खाऱ्या पाण्यासाठी केलेलं नसतं आणि समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर पट्ट्यांवर भराभर चढतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ७५ हजार लिटर समुद्राच्या पाण्यातून २६०० किलो मीठ वर जाईल. सव्वापाच गोण्यांच्या जागी ५२ गोण्या. तलावाला एक तडा गेला की खालच्या वाडीचा निकाल लागला.

मीठ संपत नाही, जागा बदलतं

आता खरा मुद्दा. यंत्रात मिठाचा क्लोरीन होतो आणि काम झालं की क्लोरीनचं पुन्हा मीठच होतं. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. मग ठेकेदार दर वर्षी आणखी गोण्या टाकायला का सांगतो? कारण मीठ तलावातून बाहेर गेलेलं असतं. बाहेर जायच्या वाटा चार आहेत. गाळणी उलटी धुताना जाणारं पाणी, ज्याला बॅकवॉश म्हणतात. गळती. तलाव रिकामा करणं. आणि पाऊस.

पावसाचं गणित कोकणातल्या माणसानेच करायला हवं, कारण बाहेरून आलेल्या माहितीपत्रकात ते नसतं. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तलावाचं तोंड ५० चौरस मीटर, म्हणजे त्यावर दीड लाख लिटर पाणी पडतं. तलावात मावतं ७५ हजार. तलावाच्या दुप्पट पाणी वरून येतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. पंप चालू राहून पाणी ढवळलं जात असेल तर दसऱ्याला तलावात जेमतेम सातवा हिस्सा मीठ उरतं. म्हणजे सव्वादोनशे किलो मीठ उताराला लागलं. पावसाच्या पुरात त्यातलं बरंचसं ओढ्याने खाडीत जातं, हे खरं. म्हणून या वाटेला मी सर्वांत कमी घातक मानतो. घात होतो तो दिवाळीनंतर, कारण तेव्हा मीठ वाहून न्यायला पाऊस नसतो.

बॅकवॉशचं पाहा. आठवड्याला एकदा सातशे लिटर पाणी धरलं, तर कोरड्या हंगामाच्या तीस आठवड्यांत २१ हजार लिटर होतं. त्यातून ७३ किलो मीठ जातं आणि ते दर वेळी एकाच पाइपच्या तोंडाशी पडतं. एक गुंठा जमीन, एक फूट खोल, म्हणजे ४० टनांच्या वर माती. त्यात ७३ किलो मीठ म्हणजे ०.१७ टक्के. भात असो, भाजी असो, तेवढ्या मिठात ते पीक सुखाने वाढत नाही. शिवाय सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात, माती वाळली की दगडासारखी होते आणि पाणी मुरत नाही. खारी जमीन ज्याने कसली आहे त्याला हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

विहिरीची आणि वाडीची बाजू

तीन मीटर व्यासाची विहीर, मे महिन्यात तिच्यात तीन मीटर पाणी आहे असं धरा. ते २१ हजार लिटर झालं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असंही तेच मानक म्हणतं. आता या विहिरीचे क्षार ५०० मिलिग्रॅमने वाढवायला किती मीठ पुरतं? साडेदहा किलो. तलावाचं तीन हजार लिटर पाणी, म्हणजे चार-पाच बॅकवॉश. विहिरीच्या वरच्या अंगाला तलाव असेल, खाली जांभा असेल आणि जांभ्यात भेगा असतील, तर तीन हजार लिटरला वाट शोधायला किती वेळ लागणार?

पिकांची सोसण्याची ताकद सारखी नसते. माड पुष्कळ सोसतो. पोफळ नाजूक, आंबा नाजूक आणि वालासारखी कडधान्यं तर मिठापुढे लगेच मान टाकतात. भाताच्या मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता तीन डेसीसायमनच्या वर गेली की उत्पन्न घटू लागतं आणि पुढे प्रत्येक डेसीसायमनमागे सुमारे बारा टक्क्यांची घट येते. तलावाच्या पाण्याची वाहकता सहाच्या आसपास असते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणारे भाताचे वाण दिले, पनवेल-१, २ आणि ३. ते खाडीकाठच्या शेतकऱ्याला तारतात. पण ते खाडीच्या मिठासाठी आहेत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत खार सोसणारं बी शोधायची पाळी यावी, हे कुठलं शहाणपण?

दिघीच्या धक्क्यावरून समोर जंजिरा दिसतो. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याची दोन तळी. त्या तळ्यांमुळेच तो किल्ला किल्ला राहिला. पाणी गोडं राखणं म्हणजे राज्य राखणं, हे त्या लोकांना कळलं होतं. खाडीकाठच्या शेतकऱ्यालाही ते कळलं होतं. त्याने चिखल-दगडाचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, खांड गेली की रात्री-अपरात्री सगळं गाव मातीच्या टोपल्या घेऊन धावलं. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबाग तालुक्यातल्या चरी परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, तोही खोताविरुद्धचा, पिकातल्या वाट्यासाठीचा लढा होता. कष्टाने राखलेल्या जमिनीची किंमत त्या लोकांना ठाऊक होती. बांध राखणं हे एकट्याचं काम नाही, हे मान्य झालं म्हणून १९४८ मध्ये मुंबई प्रांतात खारभूमीचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला. समुद्राकडून येणाऱ्या मिठाला कायदा आहे. डोंगराकडून उतरणाऱ्या मिठाला नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो: "इकडे दिघी बंदर २०२१ मध्ये अदानींकडे गेलं, २०२४ मध्ये केंद्राने दिघीच्या औद्योगिक शहराला मंजुरी दिली. एवढं मोठं होत असताना तुम्ही पाच गोण्या मिठाच्या मागे काय लागलात?" बंदराचा आणि कारखान्यांचा हिशेब मागायचाच आहे. पण तो मागायला जाताना आपल्या हातात आपल्या विहिरींच्या पाण्याचे आकडे असले पाहिजेत. उद्या विहीर खारट झाली तर कारखानदार म्हणेल, तुमच्याच गावात चार तलाव आहेत, तिकडे विचारा. त्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी घरचा हिशेब स्वच्छ हवा.

दुसरा आक्षेप: "एकेका घराच्या मिठाने काय बिघडतं?" अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ सांता क्लॅरिटा नावाचं खोरं आहे. तिथे घरोघरी पाणी मऊ करायची यंत्रं होती, त्यांत मीठ वापरलं जायचं आणि ते सांडपाण्यातून नदीत उतरायचं. खाली व्हेंचुरा परगण्यात ॲव्होकॅडो आणि स्ट्रॉबेरी पिकते. ही पिकं क्लोराइड सोसत नाहीत, म्हणून नदीसाठी लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा ठरली. ती पाळायची तर शुद्धीकरणाचा मोठा खर्च येणार होता. शेवटी २००८ मध्ये त्या खोऱ्यातल्या मतदारांनीच ही यंत्रं काढून टाकायच्या बाजूने कौल दिला. एकेका घराचं मीठ थोडंच होतं. पण नदीने बेरीज केली आणि ती शेतकऱ्याच्या पिकावर दिसली. आपल्याकडे नदीच्या जागी ओढा आहे आणि शुद्धीकरण केंद्र तर नाहीच.

बांधणाऱ्याच्या खिशाचं काय?

तलाव काढायला निघालेल्या आपल्या माणसालाही दोन शब्द. दावणीचा बैल नांगराला जुंपला नाही तरी पेंढा खातोच. तलावही तसाच. एका अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की रोज सहा युनिट वीज गेली. उन्हाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडालं तरी अडीचशे लिटर झालं, आठ महिन्यांत ६० हजार लिटर. हे पाणी गोडंच भरावं लागतं. ते मार्च ते मे या महिन्यांत कुठून आणणार? टँकर मागवला तर तो कोणाच्या तरी विहिरीवरूनच येतो. शिवाय जांभ्याच्या काठाला खारं पाणी लागलं की ते दगडाच्या छिद्रांत शिरतं, तिथे मिठाचे खडे बनतात आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. लोखंडी जिना, दिव्यांचे खांब, पंपाचे नट-बोल्ट गंजतात. समुद्रकाठी राहून गंजाशी भांडणारे आपण, तो पैसे देऊन वाढवून घ्यायचा का, याचा विचार करा. हा सगळा खर्च मांडून, पाहुणे वर्षात किती दिवस येतात ते लिहून, मग ठेकेदाराला होकार द्या. साध्या क्लोरीनच्या तलावालाही देखभाल लागते, पण त्यात मिठाच्या पाच गोण्या नसतात.

मागण्या काय असाव्यात?

नुसती टीका करून उपयोग नाही. प्रत्येक ग्रामसभेने पुढच्या अटी ठरावात घ्याव्यात, आणि त्या मुंबईच्या बंगलेवाल्याला आणि गावच्या भाऊबंदाला सारख्याच लागू असाव्यात.

एक. तलाव खणण्याआधी उताराखालच्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासून आकडे ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवावेत. त्यानंतर दर वर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी व्हावी. वाहकता मोजायचं हातातलं यंत्र छोटं असतं, एक यंत्र गावाला पुरतं. खर्च तलाववाल्याने द्यावा.

दोन. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तलाव नको.

तीन. बॅकवॉशचं पाणी जमिनीवर सोडायचं नाही. त्यासाठी जाड प्लास्टिकचं अस्तर घातलेला, पाव गुंठ्याचा उथळ वाफा करावा. आठवड्याचं सातशे लिटर पाणी म्हणजे दिवसाला शंभर लिटर. २५ चौरस मीटरवरून कोरड्या हंगामात तेवढं सहज उडतं. पेण-उरणच्या आगरी माणसाला ही विद्या सांगायला नको, हे घरगुती मिठागरच झालं. मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, तळाचं मीठ खरवडून गोणीत भरायचं आणि समुद्राला परत करायचं. वाफा पावसाळ्यापर्यंत तसाच ठेवला तर सगळी मेहनत पाण्यात.

चार. तलाव रिकामा करायचा असेल तर फक्त जुलै-ऑगस्टच्या जोराच्या पावसात, आणि तोही यंत्र काही दिवस बंद ठेवून, क्लोरीन उतरल्याची खात्री करून. खाडीत मीठ गेल्याने काही बिघडत नाही, पण क्लोरीनने कोळंबी आणि माशांची पिल्लं मरतात. कोळी बांधवांचं नुकसान करून आपली विहीर वाचवायची नाही. ऑक्टोबर ते मे तलाव उपसायला बंदी.

पाच. भरतीचं पाणी सार्वजनिक विहिरीवरून किंवा नळयोजनेतून घ्यायचं नाही. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी पडतं. उन्हाने उडणारं ६० हजार लिटर त्यातून साठवता येतं. टाकीचा खर्च मोठा आहे, कबूल. पण तो न परवडणाऱ्याला तलावही परवडत नाही.

सहा. गळतीची परीक्षा दर तीन महिन्यांनी व्हावी. ती सोपी आहे. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात राहील अशी ठेवा. बादलीतल्या पाण्याला आणि तलावाच्या पाण्याला खूण करा. चोवीस तास पंप बंद ठेवा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला तर तलाव गळतोय. कोणालाही, कोणाच्याही देखत हे करता येतं.

सात. ग्रामपंचायतीकडे अनामत रक्कम ठेवावी. विहिरीचे आकडे चढले आणि दोष तलावाचा ठरला, तर त्यातून आधी पाण्याची सोय करून द्यावी, वाद नंतर घालावा.

या अटी कोणाला जाचक वाटतील. पण खाडीकाठच्या शेतकऱ्यावर याहून कडक अटी नेहमीच होत्या. ज्याच्या हिश्शाच्या बांधाला खांड गेली, त्याला सगळ्या गावाने जाब विचारला आहे. त्यात कोणाचा अपमान नव्हता, कारण एका शेतात शिरलेलं खारं पाणी दुसऱ्याच्या शेतात जाताना हद्दीचा दगड पाहत नाही.

तपासणीची सुरुवात मे महिन्यातच करावी, कारण तेव्हा विहिरी सर्वांत खाली आणि पाणी सर्वांत खारट असतं. ज्या गावात तलाव नाहीत त्यांनी तर आधी करावी, कारण पहिला आकडाच नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येणार नाही. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत पाणी भरा, बाटलीवर विहिरीचं नाव आणि तारीख लिहा आणि माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. आलेले आकडे घेऊन बैठकीला या. गावांचे आकडे शेजारी शेजारी लावून पाहू आणि ठरावाचा मसुदा तिथेच बसून लिहू.